उपचारात हलगर्जी झाली, तर भरपाईचा दावा कसा लावायचा

वकिलाआधी फाईलच्या मागे लागा. हे दावे पडतात ते बहुतेक वेळा कागद नसल्यामुळे. दवाखान्याला साधा लेखी अर्ज द्या: केसपेपर, नर्सिंग चार्ट, भूल दिल्याची नोंद, ऑपरेशन नोट, संमतिपत्र, रिपोर्ट, सगळ्यांच्या प्रती हव्यात. आपल्या प्रतीवर तारखेसह शिक्का घ्या. अर्जच घेत नसतील तर स्पीड पोस्टाने पाठवून पावती जपा. मागणीनंतर ७२ तासांत प्रती देणं डॉक्टरांच्या आचारसंहितेच्या २००२ च्या नियमांनुसार डॉक्टरांवर बंधनकारक आहे. नुसत्या डिस्चार्ज कार्डावर भागत नाही. रात्री दोनला बीपी किती होतं, डॉक्टरांना कधी कळवलं, ते कधी आले, हे नर्सिंग चार्टातच सापडतं.

रुग्ण दगावला असेल तर पोस्टमॉर्टेम टाळू नका. ‘आता चिरफाड कशाला’ म्हणून नातलग मृतदेह थेट गावी नेतात आणि मृत्यूचं कारण पुढे सिद्धच होत नाही. पोलीस ठाण्यात अकस्मात मृत्यूची नोंद करायला लावा. तोडफोड मात्र अजिबात नको. दवाखान्यांवरच्या हल्ल्यांविरुद्ध राज्याने केलेल्या २०१० च्या कायद्याने तो अजामीनपात्र गुन्हा आहे, वर नुकसानीच्या दुप्पट रक्कम तुमच्याच अंगावर येते.

गुण आला नाही म्हणजे हलगर्जी झाली, असं कायदा मानत नाही. त्या जागी साधारण कौशल्याच्या डॉक्टरने जे केलं असतं ते इथे झालं नाही आणि नुकसान त्यामुळेच झालं, या दोन्ही गोष्टी दाखवाव्या लागतात. ऑपरेशनच्या वेळी रक्त टिपायचं कापड (गॉज) पोटात राहिलं असेल तर गोष्ट उघड आहे. एरवी त्याच विषयातल्या तज्ज्ञाचं लेखी मत लागतं. गावातला डॉक्टर गावातल्या डॉक्टरविरुद्ध सहसा लिहून देत नाही, म्हणून दुसऱ्या जिल्ह्यातला किंवा थेट पुण्या-मुंबईचा तज्ज्ञ गाठा.

संमतिपत्र नीट वाचा. बीडमधल्या ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याचा विषय २०१९ मध्ये राज्यभर गाजला. अशा प्रकरणात सही कोणाची आणि कशासाठी, हे आधी बघावं. फक्त तपासणीसाठी संमती दिलेल्या बाईचं गर्भाशय, ती भुलेखाली असताना आईची संमती घेऊन काढलं, त्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये ही संमती अमान्य ठरवली. नवऱ्याच्या अंगठ्यालाही हाच न्याय लावून बघा.

तक्रार जिल्हा ग्राहक आयोगात करायची. दवाखाना लातूरला आणि तुम्ही हिंगोलीचे असाल तरी हिंगोलीतच करता येते. मुदत दोन वर्षांची. फी भरपाईच्या आकड्यावर नाही, दवाखान्याला दिलेल्या पैशांवर ठरते: पाच लाखांपर्यंत शून्य, दहा लाखांपर्यंत २०० रुपये. सगळ्यांनाच फुकट उपचार देणारं सरकारी रुग्णालय ग्राहक कायद्यात येत नाही. तिथे दिवाणी दावा किंवा औरंगाबाद खंडपीठात याचिका. इतरांकडून पैसे घेणाऱ्या खासगी दवाखान्यात तुमचा उपचार मोफत झाला, तरी तुम्ही ग्राहकच. महिला आणि अनुसूचित जाती-जमातींच्या तक्रारदारांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही.

भरपाईचा आकडा हवेतला नको. बिलं, दुसऱ्या दवाखान्याचा खर्च, बुडालेली कमाई, पुढचा उपचार असं एकेक कलम मांडा. पगारपत्रक नसेल तर सातबारा, आडत्याच्या पट्ट्या, डेअरीची बिलं, मुकादमाकडची उचल लावा. रोख दिलेल्या पैशांची पावती नसेल तर बँकेतून ते काढल्याची नोंद जोडा. डॉक्टरचा विमा असेल तर विमा कंपनीलाही सामनेवाला (विरुद्ध पक्ष) करा, वसुली सोपी जाते.

आयोगाची नोटीस मिळाल्यापासून ३० दिवसांत, फार तर आणखी १५ दिवसांत दवाखान्याला लेखी म्हणणं द्यावं लागतं. त्यापुढे ते घेतलं जात नाही. म्हणून नोटीस नेमकी कोणत्या तारखेला पोचली याचा पुरावा जपा. निकालावर अपिलाची मुदत ४५ दिवस, आणि दवाखान्याला अपील करायचं तर निम्मी रक्कम आधी भरावी लागते. अपीलही आलं नाही आणि पैसेही आले नाहीत, तर त्याच आयोगात दरखास्त, म्हणजे निकालाच्या अंमलबजावणीचा अर्ज, दाखल करा.