वादळानंतर ग्रामपंचायतीने आधी काय करावं

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनच्या किनाऱ्यावर आदळलं, तेव्हा मी त्याच पट्ट्यात ग्रामसेवक होतो. शाळेचे पत्रे सुपारीच्या वाडीत सापडले. सरपंच म्हणाले, "भाऊसाहेब, आवरायला घेऊ." म्हटलं, आधी फोटो, मग झाडू.

पंचनाम्यात 'शाळेचं नुकसान' एवढ्यावर भागवू नका. पत्रे किती, वासे किती, मोजून लिहा. आमचा पाण्याचा पंप लिहायचा राहिला, तो शेवटी पाणीपट्टीतून दुरुस्त केला! मग शाखा अभियंत्याकडून अंदाजपत्रक घ्या, ठराव जोडा, प्रस्ताव गटविकास अधिकाऱ्यांकडे द्या. पैसा येतो राज्य आपत्ती प्रतिसाद निधीतून; त्यात केंद्राचे ७५ टक्के, राज्याचे २५. पण तो तातडीच्या दुरुस्तीपुरताच. त्यात नवी खोली घुसडलीत, तर फाइल परत आलीच म्हणून समजा.