तांब्यावर काळोख चढवताना: पिरानेसीच्या कल्पित कारागृहांच्या वळणाचे एचिंग

इटालियन चित्रकार जोव्हान्नी बात्तिस्ता पिरानेसी याने १७५० च्या सुमारास रोममध्ये कल्पित कारागृहांची १४ एचिंग, म्हणजे तांब्याच्या प्लेटवर आम्लाने रेघा खोदून घेतलेली छापचित्रे, प्रसिद्ध केली. १७६१ मध्ये त्याने त्याच प्लेटांवर पुन्हा काम केले आणि दोन नव्या प्लेटांची भर घालून मालिका १६ चित्रांची केली. आपली प्लेट हाती घेण्यापूर्वी एकच चित्र दोन्ही आवृत्त्यांत शेजारी ठेवून पाहावे. आधीची रेघ मोकळी आणि घाईची आहे, तर नंतरच्या चित्रात जिने, तुळया, साखळदंड वाढून काळोख दाटला आहे.

कच्चे रेखाटन करताना कमानी कागदाच्या कडेवर कापल्या जातील अशा बेताने मांडाव्यात, म्हणजे छत किंवा शेवटची भिंत कोठेच दिसत नाही. जिन्यावर नखाएवढी दोन-तीन माणसे काढली की दगडांचा आकार आपोआप वाढतो. छाप उलटी येते, पण कल्पित तुरुंगाला डावे-उजवे नसल्याने इथे ती अडचण नाही. पिरानेसीच्या चौदाव्या प्लेटवर तर खांब आणि जिने यांच्या पातळ्याच एकमेकांशी जुळत नाहीत; तेव्हा यथादर्शनाची एखादी चूक मुद्दाम राहू द्यावी.

खरे काम आम्लाचे आहे. माझ्या पहिल्या प्लेटवर मी सगळ्या रेघा एकाच वेळी, एकसारख्या खोल खाऊ दिल्या आणि हाती आली ती निव्वळ काजळी. ग्राउंड, म्हणजे आम्ल अडवणारा मेणासारखा थर, चढवून त्यात सुईने रेघा ओढल्यावर आम्लात पहिले बुडवणे अगदी थोडा वेळ ठेवावे. मग प्लेट धुऊन, वाळवून, सर्वांत दूरच्या कमानी स्टॉप-आउट व्हार्निशने (आम्ल अडवणाऱ्या लेपाने) झाकाव्यात आणि पुन्हा बुडवावे. पुढे मधले जिने झाकायचे आणि सर्वांत जवळची तुळई शेवटपर्यंत उघडी ठेवायची. मिनिटे कोणाला विचारू नयेत, कारण ती द्रावणाच्या जोरावर आणि हवेच्या उष्णतेवर ठरतात. तांब्याच्या एका तुकड्यावर चाचणी घ्यावी. आम्ल पाण्यात ओतावे, पाणी आम्लात कधीही नाही.

पहिली छाप फिकी वाटल्यास प्लेट टाकून देऊ नये. तिच्यावर नव्याने ग्राउंड देऊन सावलीत आडव्या रेघांचा आणखी एक थर ओढावा. शाई पुसताना मात्र वरच्या कोपऱ्यांत तिचा पातळ पडदा ठेवावा आणि जिथून उजेड आत येतो तेवढीच जागा तळहाताने स्वच्छ करावी.