मिरचीवरचे फुलकिडे नेमके कोणत्या जातीचे, हे कसे ओळखावे?

मिरचीचा शेंडा चुरडला की आपण सरसकट ‘थ्रिप्स आले’ म्हणतो. पण जाती वेगळ्या, त्यांच्या जागाही वेगळ्या. जुना ओळखीचा सिर्टोथ्रिप्स डॉर्सालिस कोवळ्या पानांवर असतो. थ्रिप्स पार्व्हिस्पिनस मुख्यतः फुलांत दडतो. भारतात तो २०१५ मध्ये बंगळुरूला पपईवर नोंदला गेला आणि २०२१ मध्ये आंध्र-तेलंगणातल्या मिरचीवर तुटून पडला. फवारा कुठवर पोहोचायला हवा, हे जात कळल्याशिवाय ठरवू नये.

फुले आणि शेंडे वेगवेगळ्या पांढऱ्या कागदांवर झटका. पडलेले किडे ओल्या बारीक ब्रशने उचलून ७० टक्के अल्कोहोलच्या कुपीत टाका. पीक, गाव, तारीख आणि ‘फूल’ की ‘शेंडा’ हे चिठ्ठीवर पेन्सिलनेच लिहा. शाई अल्कोहोलमध्ये विरघळते. ओळख पंख फुटलेल्या प्रौढ किड्यांवरूनच करायची, पिल्ले बाजूला ठेवा.

आधी २० पट भिंगाखाली रंग पाहा. पार्व्हिस्पिनसची मादी गडद तपकिरी, डोके आणि छाती पोटापेक्षा फिकी, पंख काळपट पण बुडाशी पांढुरके. डॉर्सालिस फिकट पिवळा, पोटाच्या पाठीवर मधोमध गडद डाग.

रंगावर निकाल मात्र देऊ नका. पार्व्हिस्पिनसचा नर पिवळाच असतो आणि घोटाळा नेमका तिथे होतो. किडा काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली मिशांचे खंड मोजा: डॉर्सालिसला ८, पार्व्हिस्पिनसला ७. शेवटचे खंड इवलेसे असतात, म्हणून दोन्ही मिशा मोजा.

पिवळा आणि ७ खंडांचा निघाला, तर तो थ्रिप्स पाल्मीही असू शकतो. आता पुढच्या पंखाची पहिली शीर पाहा. पार्व्हिस्पिनसमध्ये तिच्यावर केसांची सलग रांग असते. पाल्मीत मध्ये मोकळी जागा आणि टोकाकडे बहुधा ३ केस. माझ्या मते या सगळ्यांत हीच खूण सर्वांत भरवशाची.

शेजारी कांदा असेल तर थ्रिप्स टॅबॅसीही मिसळतो. त्यासाठी डोक्यावरचे तीन साधे डोळे बघा: पाल्मीचे लाल, टॅबॅसीचे राखाडी.

केस तुटलेला नमुना मोजू नका, दुसरा घ्या. तरीही जुळत नसेल तर कुपी चिठ्ठीसकट कृषी विद्यापीठाच्या कीटकशास्त्र विभागात द्या.