रविवारचा शब्बाथ पाळायचा कसा? दुपारचे तीन तास सांभाळा

"पहाटे चारला उठा, रोज बायबलचे दहा अध्याय वाचा" असले सल्ले ऐकूच नका, आधीच दमलेल्या माणसाला आणखी एक टार्गेट कशाला? मी सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या पेढीवर हिशेब बघतो, सीझनला जेवायलाही उसंत नसते, आणि मला सावरलं ते शब्बाथानं, म्हणजे काम बाजूला ठेवून देवासाठी राखलेल्या विसाव्याच्या दिवसानं.

सुरुवात शनिवारी संध्याकाळी करा. बायबलातल्या पहिल्या पुस्तकात, उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात दिवस मोजलाय तोच संध्याकाळ झाली, सकाळ झाली असा, म्हणजे विसावा आधी आणि काम मागनं. रविवारचं कालवण, इस्त्री, पेट्रोल शनिवारीच उरका. मोबाईल बंद करून कपाटात. सकाळी उपासनेला जा.

अवघड असते ती दुपार. जेवण झालं की दोन ते पाच नुसती तगमग होते, हात आपोआप खिशाकडं जातो, एकच मेसेज बघतो म्हणत मी किती रविवार घालवलेत. एकदा आई मिरजेच्या दवाखान्यात नर्स होती तेव्हाच्या नाईट ड्युटीचं सांगत होती, मी हं हं करत जीएसटीचे आकडे जुळवत होतो, तर ती मधेच थांबली आणि म्हणाली, "जाऊ दे, तुझं काम होऊ दे." ते अजून टोचतं.

म्हणून सांगतो, तीन तास अख्खे झोपून काढू नका, आणि त्या वेळेत मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या कमिटीची मीटिंग तर अजिबात ठेवू नका, देवाच्या नावानं केली तरी ती धावपळच. बायबलातलं स्तोत्र २३ घ्या, सहाच तर वचनं आहेत. मोठ्यानं, सावकाश वाचा आणि दुसऱ्या वचनावर थांबा, तिथं मेंढपाळ मेंढराला हिरव्या कुरणात बसवतो, मेंढरू आपणहून बसत नाही. काम आठवलं की कागदावर एक शब्द लिहून ठेवायचा, बास. पहिला अर्धा तास फार जड जातो, तेवढा काढा. अगदीच राहवेना तर ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांचं एखादं भजन टाळ घेऊन म्हणा, त्यांनी १९१७ साली साताऱ्यात 'देवाचा दरबार' हा ख्रिस्तभक्तांचा मेळा सुरू केला तो असल्याच आपल्या मराठी भक्तीच्या वाटेनं, आणि अभंग काय घाईत म्हणता येत नाही. मग घरातल्या कुणाजवळ तरी रिकाम्या हातानं जाऊन बसा. मी आईजवळ बसतो, नाईट ड्युटीचं तिनं परत पहिल्यापासून सांगितलं.

शेजारी कुणी आजारी पडलं तर मात्र बिनधास्त उठा, शब्बाथ माणसासाठी आहे हे येशूनंच सांगितलंय (मार्क २:२७).

संध्याकाळी सातला मोबाईल काढा. तो कागद मात्र सोमवारीच उघडायचा, माझ्या कागदावरची निम्मी कामं तोवर दुसऱ्या कुणीतरी केलेली असतात.