वृद्धाश्रमातला श्रावण: तीस जणांसाठी महिनाभराची तयारी

आषाढी एकादशीचं पारणं झालं की श्रावणाच्या तयारीला लागावं. हातात अठरा-एकोणीस दिवस मिळतात आणि ते पुरतात. इथली मापं तीस रहिवाशांसाठी धरली आहेत. त्यांत सात-आठ जण वॉकर किंवा व्हीलचेअरवर, पाच-सहा जणांचा विसर वाढलेला आणि निम्म्यांना मधुमेह, असं गृहीत आहे. प्रत्येक कार्यक्रम ठरवताना एकच प्रश्न विचारावा: यात आजी-आजोबा स्वतः काय करणार? ‘बसून बघतील’ असं उत्तर आलं, तर तो कार्यक्रम नव्याने आखावा. श्रावण हा हातांचा महिना आहे. वाती वळणं, पत्री निवडणं, पुरण भरणं, माती मळणं ही कामं या पिढीच्या बोटांत अजून शिल्लक आहेत. नावं विसरलेल्या माणसाच्या हातांनाही ती आठवतात.

पहिलं काम पंचांग उघडण्याचं. नागपंचमी, नारळी पौर्णिमा, गोकुळाष्टमी, पोळा आणि महिन्यातले सोमवार-मंगळवार एका मोठ्या कागदावर मांडावेत. अधिक महिना नाही ना, हेही बघावं. २०२३ साली अधिक श्रावण आला होता आणि सणवार निज श्रावणात म्हणजे १७ ऑगस्टनंतर झाले. आठवड्याला दोन मोठे कार्यक्रम पुरे. रोज काही ठेवलं तर तिसऱ्या आठवड्यात कर्मचारीही थकतात आणि आजीही. वेळ सकाळी साडेदहा ते सव्वाअकरा किंवा दुपारच्या चहानंतर चार ते पावणेपाच. सकाळी लघवीची गोळी घेणाऱ्यांना मधेच उठावं लागतं, म्हणून त्यांची खुर्ची दाराजवळ आणि बाथरूमपर्यंतची वाट मोकळी. विसर पडणाऱ्यांना संध्याकाळी जास्त अस्वस्थ वाटतं. त्यांना दिवेलागणीच्या कार्यक्रमात ओढू नये.

मग वही घ्यावी आणि प्रत्येकासाठी अर्धं पान ठेवावं. माहेर कुठलं, सासर कुठलं, हातात काय कसब, कुठला हात चालत नाही, ऐकू कोणत्या कानाने येतं, गिळायला त्रास आहे का, अॅलर्जी, आणि या महिन्यात नको वाटणारी आठवण. हा शेवटचा रकाना गाळू नये. राखी म्हटल्यावर ज्यांचा भाऊ नुकताच गेला आहे, त्यांना आधी विचारलेलं बरं. हाक कशी मारायची तेही लिहावं. आयुष्यभर ‘गुरुजी’ ऐकलेल्या माणसाला एकदम ‘आजोबा’ केलं की तो हिरमुसतो. श्रावण न पाळणारे, वेगळ्या धर्माचे किंवा पूजेत रस नसलेले रहिवासी असतीलच. पाऊस, रानभाज्या, माती आणि गाणी सगळ्यांची आहेत, तिथे त्यांना पुढे घ्यावं.

खोलीच्या तयारीत पावसाचा विचार आधी. दारात दोन पायपुसणी, एक ओलं टिपायला आणि एक कोरडं, दोन्ही खालून न सरकणारी. जमिनीवर रांगोळी काढू नये. ओल्या फरशीवर ती घसरते आणि वॉकरच्या पायांना चिकटून खोलीभर जाते. रांगोळी पाटावर काढावी आणि पाट टेबलावर ठेवावा. खुर्च्या हातांच्या हव्यात, बैठक जमिनीपासून दीड फुटाच्या खाली नको, पाय पूर्ण टेकले पाहिजेत. जिवतीचा कागद मोठ्या आकाराचा घ्यावा आणि बसलेल्या माणसाच्या नजरेच्या रेषेत, साधारण चार फुटांवर लावावा. त्यातला नरसिंह, कालियामर्दन करणारा कृष्ण, मुलांना खेळवणारी जिवती, हत्तीवरचा बुध आणि वाघावरचा बृहस्पती कोणता ते आजींनाच दाखवू द्यावं. ‘ओळखा पाहू’ म्हणू नये. उत्तर आलं नाही की माणूस मिटतो. आपण वाघावरच्या बृहस्पतीकडे बोट दाखवून ‘हा बुध ना?’ म्हटलं की चूक दुरुस्त करायला चार जणी पुढे होतात. दिवे जाण्याची शक्यता धरून बॅटरीचे दोन कंदील भरून ठेवावेत.

वाती हे महिनाभर पुरणारं काम आहे. पाव किलो साधा, सरकी काढलेला कापूस आणि घट्ट बसणाऱ्या झाकणाचा पत्र्याचा डबा. कापूस उघडा राहिला की पावसाळी हवेत दमट होतो, पिंजताना त्याच्या गुठळ्या राहतात आणि वात मधेच तुटते. म्हातारपणी बोटांची कातडी कोरडी, गुळगुळीत होते आणि कापूस नुसता घरंगळतो. त्यासाठी प्रत्येकीपुढे छोट्या वाटीत चिमूटभर भस्म ठेवावं. बोट टेकवलं की पकड येते. तीन बोटांत वात वळत नसेल तर उपडी ताटली द्यावी, त्यावर तळहाताने घासून वळता येते. अर्धांगवायूमुळे एकच हात चालणाऱ्यांना फुलवाती जमत नाहीत. त्यांच्याकडे मोजून अकरा-अकराच्या जुड्या बांधायला द्याव्यात, दोऱ्याचं एक टोक टेबलाला चिकटवून. आणि या वाती खरोखर वापरल्या पाहिजेत. आश्रमाच्या देवघरात, शेजारच्या देवळात त्या द्याव्यात. वळलेल्या वाती आठवड्याने केरात दिसल्या, तर पुढच्या वेळी कोणी हात लावणार नाही.

सोमवारची शिवामूठ, म्हणजे शंकराला वाहायचं मूठभर धान्य, ठरलेली: पहिल्याला तांदूळ, मग तीळ, मूग, जव आणि पाचवा आला तर सातू. प्रत्येकी मूठभर धरलं तरी दर सोमवारी दीड-दोन किलो धान्य जमतं. ते स्वच्छ ताटात घेऊन स्वयंपाकघरात लावावं. खरा प्रश्न उपासाचा. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांची यादी आठ दिवस आधी डॉक्टरांपुढे ठेवावी आणि कोणाचा उपास, कोणाचा नाही हे त्यांच्याकडून लिहून घ्यावं. गोळी घेतली आणि पोट रिकामं राहिलं, तर दुपारपर्यंत घाम, थरथर, बरळणं सुरू होतं. वृद्धांमध्ये नुसती गुंगी दिसते आणि ‘झोपल्यात’ म्हणून सोडून दिलं जातं. साखर ७० च्या खाली दिसली आणि गिळता येत असेल, तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यावी आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजावी. गिळता येत नसेल तर तोंडात काही न घालता लगेच डॉक्टर. ‘उपास करू नका’ म्हटलं की आजी गुपचूप करतात. त्यापेक्षा जेवणाच्या वेळेलाच फराळ, असं ठरवावं. साबुदाण्याची खिचडी रोजच्या भाताइतकी साधी नाही. तिने साखर झपाट्याने चढते, म्हणून अर्धी वाटी, सोबत दही आणि काकडी. भगर अख्खी आणि ताजी घ्यावी, निवडून, धुऊन त्याच दिवशी शिजवावी. पावसाळ्यात साठवलेल्या भगरीला, आणि पिठाला तर फारच लवकर, बुरशी धरते आणि त्यातून विषबाधा होते.

नागपंचमी म्हणजे वृद्धाश्रमाचा सगळ्यात सोयीचा सण. चिरायचं नाही, तळायचं नाही. थरथरत्या हातांजवळ विळीही नाही आणि उकळतं तेलही नाही. दिंड म्हणजे पुरण भरून वाफवलेली कणकेची पुडी. साठ दिंडांसाठी एक किलो हरभरा डाळ, तेवढाच गूळ आणि पाऊण किलो कणीक. पुरण आदल्या रात्रीच शिजवून फ्रीजमध्ये ठेवावं, गरम पुरण हाताला भाजतं. सकाळी लहान पुऱ्या लाटून द्यायच्या. आजींनी मधे पुरण ठेवून चारही बाजू आत दुमडायच्या, चौकोनी पुडी व्हायला हवी. चाळणीला तूप लावून पंधरा मिनिटं वाफ. कणीक सैल असेल तर वाफेत दिंड फुटतं, म्हणून पोळीपेक्षा घट्ट भिजवावी. गिळायला त्रास असणाऱ्यांना दिंड कुस्करून दुधात. मेंदी लावायची असेल तर काळी, झटपट रंगणारी नको, तिने कातडी सोलवटते. साधा पाला वाटून तळहातावर एक ठिपका दिला तरी पुरतो.

मंगळागौरीच्या आधी एक गोष्ट स्पष्ट करून घ्यावी. आश्रमातल्या बहुतेक जणी विधवा आहेत. हळदीकुंकू फक्त सवाष्णींना, असं झालं तर ज्यांच्यासाठी आश्रम चालवतो त्यांनाच आपण भिंतीशी बसवतो. शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंदीचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य सरकारनेही इतर गावांना तेच करायला सांगितलं. आश्रमाने त्यापलीकडे असायला हवं. हळदीकुंकू, फुलं, ओटी सगळ्यांना. पण ताट समोर नेऊन विचारावं, थेट कपाळाला हात लावू नये. काहींना नको असतं, कोणी फक्त फूल घेतं. बाहेरून येणाऱ्या महिला मंडळाला हे दोन दिवस आधी नीट समजावून सांगावं. पहिली सुरुवात आश्रमातल्या सर्वांत वयस्कर आजींपासून केली की बाकीच्यांचा संकोच कमी होतो.

खेळ बसून. समोरासमोर खुर्च्या, गुडघ्यांत फूटभर अंतर, व्हीलचेअरचे ब्रेक लावलेले आणि पायफळ्या वर. झिम्म्याच्या टाळ्या निम्म्या लयीत. ‘किस बाई किस दोडका किस’ला टाचा आळीपाळीने पुढेमागे, पाय मोकळे होतात. लाट्या बाई लाट्याला हातात लाटणं आडवं धरून वर-खाली, खांद्याच्या वर नाही. सुपाच्या खेळाला रिकामं हलकं सूप मांडीवर. फुगडीत फक्त हात धरून डुलायचं. कमरेतून पिळवटणारे खेळ वगळावेत, ठिसूळ मणक्यांना ते झेपत नाहीत. खुब्याचं ऑपरेशन झालेल्यांनी पुढे वाकायचं नाही आणि पायावर पाय टाकायचा नाही. दर दहा मिनिटांनी पाणी. जागरणाऐवजी दुपारी चार ते साडेपाच, मधे विश्रांती देऊन. पत्री निवडायला सोळा प्रकार मिळालेच पाहिजेत असं नाही. पण आघाडा, दूर्वा, बेल, तुळस आणावीत. आघाड्याची कुसळं कपड्यांत अडकून टोचतात, तुरे खुडूनच ताटात द्यावेत.

आजोबा मंडळी या सगळ्यात कडेला राहतात. त्यांच्यासाठी पर्जन्यमापक. दोन लिटरची सरळ बाजूंची प्लास्टिकची बाटली घ्यावी, खांद्याच्या खाली कापावी आणि वरचा भाग उलटा करून नसराळ्यासारखा बसवावा. बाटलीचा तळ खड्ड्याखड्ड्यांचा असतो. तो भरेपर्यंत पाणी घालून तिथे शून्याची रेघ मारावी आणि वर मिलिमीटरची पट्टी चिकटवावी. मोकळ्या जागेत, झाड आणि वळचणीपासून दूर विटांमध्ये पक्की करावी. हवामान खातं सकाळी साडेआठला चोवीस तासांचा पाऊस मोजतं. आपणही त्याच वेळी मोजावा, म्हणजे दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रातल्या आकड्याशी ताडता येतो. वाचणारा एक, लिहिणारा एक, फळ्यावर मांडणारा एक. मोजून झालं की पाणी शून्यावर आणायला विसरू नये, सगळ्यात जास्त चूक तिथेच होते. दुसरं काम रानभाज्यांचं: टाकळ्याची पानं खुडणं, फोडशीचा मधला जून दांडा ओढून काढणं. रक्त पातळ ठेवायची वॉरफरिन गोळी चालू असलेल्यांना एकदम भरपूर पालेभाजी किंवा अळूचं फतफतं देऊ नये, गोळीचा परिणाम कमी होतो.

नारळी पौर्णिमेला नारळी भातासाठी एक किलो तांदूळ, पाऊण ते एक किलो गूळ, चार नारळ, पाव किलो तूप. तांदूळ पूर्ण मऊ शिजवून मगच गूळ घालावा. आधी घातला तर शीत टणक राहतं आणि कवळीखाली सापडतं. मधुमेह्यांना दोन चमचे, पण त्याच वाटीत आणि त्याच पंगतीत. राखीसाठी रेशमाचे दोरे, मोठ्या भोकाचे मणी आणि बोथट सुई. शाळेतली मुलं बोलवायची तर पंधराच्या वर नको, सर्दी-ताप असलेलं मूल नको, आणि प्रत्येक मुलाला एका आजी-आजोबांशेजारी बसवावं. फोटो विचारून. परदेशातल्या भावंडांना व्हिडिओ कॉल करायचे असतील तर वेळांची यादी आठवडाभर आधी लावावी. आपले संध्याकाळचे साडेसात म्हणजे ऑगस्टात न्यूयॉर्कला सकाळचे दहा. कॅलिफोर्नियाला तेव्हा सकाळचे सातच वाजलेले असतात, तो फोन साडेआठला लावावा.

पंधरा ऑगस्ट बहुधा याच महिन्यात येतो. राष्ट्रगीताचे बावन्न सेकंद उभं राहणं ज्यांना जमत नाही त्यांनी बसावं, हे आधीच जाहीर करावं, म्हणजे कोणी ओढाताण करून उठत नाही.

गोपाळकाल्यात ज्वारीच्या लाह्या, पोहे, दही, काकडी, लिंबाचं लोणचं. लाह्यांची टरफलं घशात अडकतात. त्या चाळून, दह्यात अर्धा तास मुरवून द्याव्यात. डाळिंबाचे दाणे आणि कच्ची डाळ वगळावी. हंडी मातीची नको. कागदी डबा खुर्चीवरून काठीने टेकेल इतक्या उंचीवर बांधावा.

पोळ्याच्या बैलांची माती आठ दिवस आधी. शाडू दहा किलो, म्हणजे प्रत्येकाला तीनशे ग्रॅमच्या आसपास. आदल्या रात्री भिजवावी, सकाळी कोमट पाणी लावून मळावी. गार मातीने सांधे ठणकतात. मातीची वळी बोटाभोवती गुंडाळून बघावी, तडा गेला नाही तर जमली. पाय जाड आणि आखूड, शिंगं शेवटी. तोंडात घालणाऱ्यांना माती न देता हळद घातलेली कणीक द्यावी. हातावर जखम असेल त्यांनी रंगाचं काम घ्यावं, गेरू आणि चुना. श्रावणी हवेत सावलीत वाळायला चार-पाच दिवस जातात, उन्हात ठेवले तर चिरतात. कोल्हापूर-सांगलीकडच्या आजोबांचा बेंदूर, म्हणजे तिकडचा बैलांचा सण, आषाढातच होऊन गेलेला असतो आणि नागपूरकडच्यांना दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा, म्हणजे लहान मुलांचा पोळा, हवा असतो. दोघांनाही विचारून घ्यावं.

पोळ्यानंतर चौथ्या दिवशी गणपती. बैल मोडून तीच माती वापरायची असेल, तर आधी करणाऱ्याची परवानगी घ्यावी. नको म्हणतील त्यांचा बैल खिडकीत राहू द्यावा. उरलेले बादलीत घालावेत. पूर्ण वाळलेले असतील तर रात्रीत विरघळतात, अर्धवट ओले असले की आत गोळे राहतात. सकाळी वरचं पाणी ओतून माती जाड कापडावर पसरावी, दीड दिवसात ती मळण्याजोगी होते.