तिला खरंच टोचतं: वेगळ्या संवेदनांच्या लेकराबरोबर रोजची कामं कशी करावीत

माझ्या लेकीची नखं कापायला पूर्वी तीन माणसं लागायची. मी तिला मांडीत घट्ट धरायचो, तिची आई नेलकटर चालवायची आणि आजी समोर बसून लक्ष वळवायला खुळखुळा वाजवायची. ती तेव्हा चार वर्षांची होती. एकदा दहा बोटं व्हायला पाऊण तास लागला. त्या रात्री ती झोपेतही मुठी आवळून पडली होती. मी तिच्या उशाशी बसलो आणि ठरवलं, यापुढे धरून नखं कापायची नाहीत. मग कशी कापायची, हे मला अजिबात ठाऊक नव्हतं.

आज ती अकरा वर्षांची आहे. ऑटिस्टिक आहे, थोडं बोलते, थोडं लिहिते. मी डॉक्टर नाही, बाप आहे. आमच्या घरात जे टिकलं ते इथे लिहितोय. तुमच्या मुलाला वेगळं काही लागेल, पण ते शोधायची रीत बहुतेक हीच असेल.

आधी एक गोष्ट मनापासून मान्य करा: तिला खरंच टोचतं. नाटक नाही, हट्ट नाही, लाडावलेलं पोर नाही. सदऱ्याच्या मानेवरचं लेबल आपल्याला घालताना एकदा जाणवतं आणि मग मेंदू ते बाजूला टाकतो. तिचा मेंदू ते बाजूला टाकत नाही. लेबल सकाळी टोचतं, दुपारी टोचतं, संध्याकाळी टोचतं, आणि त्यातच कुणीतरी तिला 'इकडे बघ' म्हणत असतं. ऑटिझमला मराठीत स्वमग्नता म्हणतात. हा शब्द मला कधीच पटला नाही. माझी लेक स्वतःत मग्न नसते. बाहेरचं सगळं एकाच वेळी तिच्या आत घुसत असतं आणि ती दार लावायला धडपडत असते. आवाज, स्पर्श, उजेड, वास यांना जास्त किंवा फार कमी प्रतिसाद देणं हा ऑटिझमच्या निदानाच्या निकषांतला एक आहे, असं अमेरिकन सायकिअॅट्रिक असोसिएशनच्या निदान-पुस्तिकेत २०१३ साली आलं. घरातल्या कुणाला 'हे सगळं थेरपीवाल्यांचं खूळ' वाटत असेल तर एवढं सांगा.

जास्त आणि कमी, दोन्ही एकाच मुलात असू शकतं. लेबल सहन न होणारी माझी लेक एकदा गुडघा फुटून रक्त मोज्यापर्यंत आलं तरी खेळत राहिली होती. म्हणून 'माझं मूल संवेदनशील आहे' एवढं म्हणून भागत नाही. कशाला संवेदनशील, कधी, कुठे, हे कळायला हवं. आणि फक्त पाच इंद्रियं धरू नका. तोल सांभाळणारी एक जाणीव आतल्या कानात असते, स्नायू आणि सांधे कुठे आहेत हे कळण्याची एक असते, आणि भूक, लघवी, दुखणं, ताप अशा शरीराच्या आतल्या गोष्टी कळण्याची एक असते. शेवटची जाणीव आईबापांच्या लक्षात सगळ्यांत उशिरा येते.

यासाठी एक वही घाला. बिनसलं की चार ओळी लिहायच्या: किती वाजले होते, कुठे होतो, आधीच्या अर्ध्या तासात काय काय झालं, आदल्या रात्री झोप कशी होती. 'चिडली' असं लिहू नका. 'कान दाबले, पायऱ्यांकडे पळाली' असं लिहा. आमच्या वहीत तीन आठवड्यांत एक गोष्ट दिसली. अंघोळीच्या वेळी रोज रडारड व्हायची आणि आम्ही समजत होतो की तिला पाणी नको असतं. पण अंगणात नळीखाली ती आनंदाने भिजायची. मग आठवलं, बाथरूमचा दिवा लावला की एक्झॉस्ट पंखाही सुरू व्हायचा, दोघांना एकच बटण होतं. इलेक्ट्रिशियनला बोलावून बटणं वेगळी करून घेतली. दोन वर्षांचं रडणं त्या आठवड्यात जवळजवळ थांबलं. त्या दोन वर्षांत मी तिच्यावर किती वेळा ओरडलो असेन, ते वहीत नाही, पण मला आठवतं.

कान तपासून घेणंही सुरुवातीलाच करा. हाक मारल्यावर न वळणारं मूल ऐकूच शकत नाही की आवाजांच्या गर्दीत हाक हरवते, हे अंदाजाने ठरवू नये.

आता नखं. यावर सविस्तर लिहितो, कारण हीच रीत पुढे केस, दात, कपडे, दवाखाना सगळीकडे वापरता येते.

नेलकटर पहिले आठ दिवस नुसतं टेबलावर राहू द्या. कुणी उचलायचं नाही, त्याबद्दल बोलायचं नाही. मग मुलाच्या हातात द्या आणि जाड कागद कापू द्या. माझ्या लेकीला नेलकटरचा 'कट्' हा आवाज भयंकर वाटायचा, कारण तो कधी येणार ते तिला माहीत नसायचं. कागद तिनेच कापला तेव्हा आवाज तिच्या ताब्यात आला. ती तासभर कागदाच्या कडा कुरतडत बसली आणि मी शेजारी बसून राहिलो.

मग स्पर्श. हलका, गुदगुल्यांसारखा स्पर्श अशा बऱ्याच मुलांना सोसत नाही. घट्ट, सावकाश दाब त्यापेक्षा बरा वाटतो. आपण मात्र प्रेमापोटी अगदी हळुवार हात लावतो आणि मूल झटक्याने हात ओढून घेतं. म्हणून नख कापण्याआधी ते बोट टोकापासून तळव्यापर्यंत घट्ट दाबायचं, तीन अंक मोजेपर्यंत. मी मोठ्याने 'एक, दोन, तीन' म्हणतो आणि तीनलाच कापतो. अडीचला नाही, चारला नाही. एकदा जरी फसवलंत तरी महिनाभर मागे जाल. अंघोळीनंतर नखं मऊ असतात, तेव्हा आवाजही कमी होतो. कापणं जमतच नसेल तर कानस घ्या. काही मुलांना मात्र घासणंच जास्त झोंबतं, ते करून बघूनच कळेल.

एका दिवसात एकच नख. सुरुवातीला खरोखर एकच. कागदावर तिच्या हाताचा आकार काढला होता. नख झालं की ती त्या बोटावर फुली मारायची. किती झालं, किती उरलं आणि कधी संपणार, हे डोळ्यांना दिसलं पाहिजे. बोलून सांगितलेलं हवेत विरतं, चित्र समोर राहतं.

आणि सगळ्यांत महत्त्वाचं: 'थांब'. तिच्याजवळ लाल हाताचं एक कार्ड आहे. ते दाखवलं की मी थांबतो, नख अर्धवट असलं तरी. पहिल्या आठवड्यात तिने ते कार्ड दर नखाला दाखवलं. मी खरंच थांबतो का हे ती बघत होती. नंतर कार्ड आपोआप कमी झालं. काही नातेवाईक म्हणाले, अशाने पोर डोक्यावर बसेल. तिचं अंग तिचं आहे आणि तिने नको म्हटल्यावर मोठी माणसं थांबतात, हे तिला कळायला हवंच होतं. न बोलणाऱ्या मुलाला तर ते दुप्पट कळायला हवं.

केसांचंही असंच. मशीनची थरथर कवटीतून जाते, म्हणून आम्ही कात्रीवर आलो. मानेवर पडणारे बारीक केस हा तिचा खरा वैरी निघाला. मानेभोवती मऊ पंचा घट्ट गुंडाळायचा, दर चार-पाच वेळा कात्री चालवली की ओल्या फडक्याने दाबून पुसायचं आणि संपताक्षणी अंघोळ. एका बैठकीत एक बाजू झाली तरी चालते. दोन दिवस वाकडे केस घेऊन शाळेत गेल्याने काही बिघडत नाही.

कपड्यांबद्दल थोडक्यात: लेबल कापू नका, उसवून काढा, कारण कापलेली कड आणखी टोचते. मोजे उलटे घाला, म्हणजे शिवण बाहेर राहते. नवा कपडा दोन-तीनदा धुऊनच द्या. आणि एखादा कपडा आवडला तर तोच मोठ्या मापात घेऊन ठेवा.

जेवणात चवीपेक्षा तोंडातला पोत जास्त आडवा येतो. मऊ पदार्थात एकदम कडक तुकडा लागला की विश्वास उडतो. आमची एक मोठी चूक सांगतो. तिच्या सर्वांत आवडत्या पदार्थात आम्ही एकदा औषध लपवलं. तो पदार्थ तिने पुढे दीड वर्ष तोंडात घेतला नाही. औषध औषध म्हणूनच द्या. खाण्याची यादी आखडत चालली, वजन थांबलं किंवा घटलं, तर 'नखरे आहेत' म्हणून बसू नका, डॉक्टरांकडे जा.

मेल्टडाउनबद्दल, म्हणजे सगळं असह्य होऊन मुलाचा स्वतःवरचा ताबा सुटतो त्याबद्दल, बाहेरच्या लोकांना सगळ्यांत कमी कळतं. हट्टात मूल आपल्याकडे बघत असतं, हवी ती वस्तू मिळाली की थांबतं. मेल्टडाउनमध्ये वस्तू दिली तरी थांबत नाही, कारण वस्तूचा प्रश्नच नसतो. भांडं भरून सांडलेलं असतं. त्या वेळी शिकवण, समजूत, प्रश्न, काही नको. 'काय झालं, सांग ना' हा प्रेमाचा प्रश्नसुद्धा तेव्हा आणखी एक आवाजच असतो. दिवा मंद करा, माणसं हटवा, टोकदार वस्तू दूर सारा, डोकं आपटत असेल तर मध्ये उशी सरकवा. जीवाला धोका नसेल तर धरू नका. मिठी मारायची की नाही हे शांत वेळी ठरवून ठेवा. माझ्या लेकीला ती नको असते, तिला माझी पाठ तिच्या पाठीला टेकलेली चालते. मी बसतो, तोंड दुसरीकडे करून. ओसरल्यावर पाणी, पांघरूण, झोप. त्या दिवशी त्यावर चर्चा नाही.

हात फडफडवणं, डोलणं, गुणगुणणं थांबवू नका. ती त्यातूनच स्वतःला सावरते. स्वतःला चावणं, आपटणं असं इजा करणारं काही असेल तरच बदली गोष्ट शोधा, तीही तशाच संवेदनेची: चावण्याच्या बदल्यात चावायलाच काही सुरक्षित, चेंडू नव्हे.

कानावर घालायचे आवाजरोधक हेडफोन आम्हाला वरदान ठरले. पण आमच्या थेरपिस्टने सांगितलं की दिवसभर घालू नका, कान शांततेला सरावले की साधे आवाजही मोठे वाटू लागतात. गोंगाट असेल तिथे घालायचे, घरी काढायचे. वजनदार पांघरुणाबद्दल खूप ऐकाल. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत त्याने ऑटिस्टिक मुलांची झोप वाढल्याचं दिसलं नाही, पण मुलांना आणि पालकांना ते आवडलं होतं. आवडत असेल तर वापरा, मात्र मुलाला ते स्वतःहून काढता आलं पाहिजे, डोक्यावर कधीच नको आणि तान्ह्या बाळाला तर अजिबात नको.

सेन्सरी इंटिग्रेशन, म्हणजे स्पर्श, तोल, हालचाल यांच्या खेळांतून संवेदना हाताळायला शिकवणारी थेरपी, ए. जीन आयर्स या अमेरिकन ऑक्युपेशनल थेरपिस्टच्या (रोजची कामं जमावीत म्हणून मदत करणाऱ्या तज्ज्ञाच्या) कामातून उभी राहिली. या थेरपीच्या परिणामांबद्दलचा पुरावा मर्यादित आहे, असं अमेरिकेच्या बालरोगतज्ज्ञ संघटनेने २०१२ मध्ये म्हटलं होतं. आम्हाला तिचा उपयोग झाला, पण आम्ही पहिल्याच दिवशी दोन प्रश्न विचारले: घरातली कुठली गोष्ट सोपी होणार, आणि तीन महिन्यांनी ते कशावरून कळणार? 'मुलाची प्रगती होईल' हे उत्तर नव्हे. 'दात घासताना दोन मिनिटं उभी राहील' हे उत्तर. आणि शरीरातून जड धातू काढून ऑटिझम बरा करतो असं कुणी म्हणालं तर तिथून उठून या. त्या उपचाराने मुलं दगावली आहेत.

कमी जाणवणाऱ्या गोष्टींचा धोका शांत असतो, म्हणून तो वेगळा सांगतो. रात्री कपडे बदलताना अंगावरून नजर फिरवा: जखम, पुरळ, भाजल्याची खूण. गरम पाण्याचा नळ आधी आपण तपासा. लघवीची वेळ घड्याळावर ठेवा, तिच्या जाणिवेवर नको. एरवी धावणारं मूल अचानक गप्प बसलं तर आधी ताप बघा. माझी लेक कान दुखतो असं कधीच म्हणाली नाही; ती फक्त उजव्या कुशीवर झोपेनाशी झाली होती.

तिच्या दप्तरात एक कार्ड असतं, नव्या शिक्षकांसाठी, दवाखान्यासाठी, पाहुण्यांसाठी. सात-आठ ओळीच असतात: मागून हात लावू नका, हाक मारून दहा सेकंद थांबा, लाल हात दाखवला तर थांबा, दुखलं तर ती सांगणार नाही, तुम्ही बघा, घाबरली असेल तर गाणं म्हणू नका. दर सहा महिन्यांनी आम्ही ते तिच्यासमोर वाचतो आणि तिच्या हातात पेन्सिल देतो. या वेळी तिने शेवटच्या ओळीतलं 'म्हणू नका' खोडलं आणि वर लिहिलं, 'हळू म्हणा'.