गेमच्या फाइली लॉक करताय? या चुका टाळा

कॉलेजच्या फेस्टसाठी गेम बनवायचा म्हटलं की नागपुरातली बरीच पोरं गोडो इंजिन (गेम बनवायचं सॉफ्टवेअर) घेतात. फुकट आहे आणि जुन्या लॅपटॉपवरही चालतं. गेम तयार झाला की पेन ड्राइव्हवर वाटायच्या आदल्या रात्री कुणाला तरी आठवतं, फाइली एन्क्रिप्ट करायच्या, म्हणजे कुणाला वाचता येऊ नयेत अशा कुलूपबंद करायच्या राहिल्या! मग एक्स्पोर्टच्या (वाटण्याजोगा गेम बाहेर काढायच्या) खिडकीत टिक मारतात, की, म्हणजे त्या कुलपाची गुप्त किल्ली टाकतात, आणि गेम सुरूच होत नाही.

कारण साधं आहे. गोडोच्या साइटवरून उतरवलेल्या तयार टेम्प्लेटला (ज्या प्रोग्रॅमवर एक्स्पोर्ट केलेला गेम चालतो त्याला) तुमची की माहीतच नसते. ६४ हेक्स अक्षरांची (० ते ९ आणि a ते f), म्हणजे २५६ बिटांची की आधी एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये (कॉम्प्युटरवर नावानं साठवलेल्या सेटिंगमध्ये) ठेवायची, मग गोडोच्या सोर्स कोडवरून टेम्प्लेट स्वतः कंपाइल करायचं, म्हणजे कोडपासून चालणारा प्रोग्रॅम बनवायचा, आणि एक्स्पोर्टच्या प्रीसेटमध्ये (साठवलेल्या सेटिंगांमध्ये) त्याचाच पाथ द्यायचा. कंपाइलला वेळ लागतो, त्यामुळे हे काम आदल्या रात्रीचं नाहीच.

दुसरी चूक जास्त फसवी, कारण गेम मस्त चालतो. टिक आहे, की आहे, पण कुठल्या फाइली एन्क्रिप्ट करायच्या ते सांगणारी फिल्टरची चौकट रिकामी. अशा वेळी आतली एकही फाइल एन्क्रिप्ट होत नाही. छोट्या गेमला सरळ *.* (म्हणजे सगळ्या फाइली) टाका. नंतर पीसीके फाइल (गेमच्या सगळ्या फाइलींचं गाठोडं) हेक्स एडिटरमध्ये, म्हणजे फाइलीतला कच्चा डेटा दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये उघडून गेममधल्या फाइलींची नावं शोधा. ती दिसली तर इंडेक्स (आतल्या फाइलींची यादी) एन्क्रिप्ट करायचं राहिलंय.

ही की गिटवर (कोड साठवून इतरांशी वाटायच्या सोयीवर) चढवू नका. जुन्या आवृत्त्यांत ती एक्स्पोर्ट प्रीसेट्सच्या फाइलीतच साठायची, आणि ती फाइल हमखास कमिट होते, म्हणजे कोडसोबत गिटमध्ये जाते.

तरी एक गोष्ट पक्की समजा: गेम उघडायला की लागते, म्हणून ती एक्झी फाइलीत (गेम सुरू करणाऱ्या .exe फाइलीत) असतेच. खटपट्या माणूस ती काढतोच. सहज डोकावणारे तेवढे थांबतात, आणि माझ्या मते कॉलेजच्या गेमला तेवढं पुष्कळ झालं. पण डेटाबेसचा पासवर्ड किंवा पेमेंट गेटवेची सीक्रेट की गेममध्ये ठेवायची नाही म्हणजे नाही, ती सर्व्हरवरच.

एक्झीला वरून यूपीएक्स (फाइल दाबून लहान करणारं टूल) लावायचा मोहही नको. काही अँटिव्हायरस अशा फाइलीला उगाच व्हायरस ठरवतात.

आणि चित्र गायब झालं की लगेच एन्क्रिप्शनला शिव्या घालू नका. समजा, चित्राच्या फाइलीचं नाव कॅपिटल एसनं ‘संत्रा’, कोडमध्ये स्मॉल एसनं. विंडोजवर एडिटरमध्ये ते खपून जातं, पीसीकेत खपत नाही. आधी एन्क्रिप्शन बंद करून एकदा एक्स्पोर्ट करून पाहा. तरी संत्रं दिसलं नाही, तर कोडमधला पाथ तपासा.